जीएम खाद्यातला डीएनए जनावराच्या पोटात गेल्यावर

गाय, म्हैस, शेळी किंवा कोंबडी जे काही खाते त्यात डीएनए असतोच. हिरव्या चाऱ्याच्या पानात असतो, मक्याच्या दाण्यात असतो, पेंडीत असतो. चाऱ्यावरच्या बुरशीत आणि जिवाणूंतही असतो. जनुकीय सुधारित, म्हणजे जीएम पिकाच्या खाद्यात या नेहमीच्या डीएनएबरोबर प्रयोगशाळेत घातलेल्या एक-दोन जनुकांची भर पडते. ही भर किती, याचा एक हिशेब बीव्हर आणि केम्प यांनी २००० साली मांडला. दिवसाला २४ किलो शुष्क खाद्य खाणाऱ्या दुभत्या गाईच्या खुराकात ६० टक्के बीटी, म्हणजे कीडरोधक जनुक घातलेला, मका (मुरघास आणि दाणे मिळून) धरला, तर तिच्या पोटात रोज सुमारे ६०८ मिलिग्रॅम डीएनए जातो. त्यात घातलेल्या जनुकाचा वाटा सुमारे २.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे २ लाख ३४ हजारांत एक भाग.

या एका भागाचे पुढे काय होते, तो कोठे आणि किती वेळात मोडतो, त्याचा तुकडा रक्तात, मांसात, दुधात उतरतो का, आणि पोटातले जिवाणू तो उचलतात का, यावर तीन दशके संशोधन चालू आहे. बहुतेक उत्तरे आता हाती आहेत. तरीही वाद चालू राहिला, याचे मोठे कारण असे की ‘सापडला’ आणि ‘सापडला नाही’ असे सांगणारे प्रयोग बऱ्याचदा वेगवेगळ्या गोष्टी शोधत होते.

प्रश्न कसा उभा राहिला

जीएम सोयाबीन आणि बीटी मका यांची व्यापारी लागवड अमेरिकेत १९९६ साली सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जीएम सोयाबीनची पहिली जहाजे युरोपच्या बंदरांत लागली. वेळ वाईट होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने गाईंचा ‘मॅड काउ’ रोग आणि माणसांतला मेंदूचा एक जीवघेणा आजार यांचा संबंध असण्याची शक्यता मान्य केली होती. हा रोग पसरला होता जनावरांच्या हाडामांसाचा भुगा पशुखाद्यात मिसळल्यामुळे. जनावराने खाल्लेले माणसाच्या ताटात काय घेऊन येते, हा प्रश्न युरोपीय ग्राहकाच्या मनात तेव्हा ताजा होता. पुढे अशा भुग्यावर बंदी आल्यावर प्रथिनांची गरज आयात सोयापेंडीने भागवावी लागली आणि ती पेंड वाढत्या प्रमाणात जीएम सोयाबीनची होती.

प्रयोगशाळेतली सुरुवात मात्र त्याआधीची. कोलोन विद्यापीठात वॉल्टर डोअरफ्लर यांच्या गटाने १९९४ साली उंदरांना एका विषाणूचा शुद्ध डीएनए खाऊ घातला. काही डीएनए तुकड्यांच्या रूपात विष्ठेत मिळाला आणि अगदी थोडा, हजारात एक ते दहा हजारांत एक भाग, काही तास रक्तातही दिसला. खाल्लेला डीएनए पोटात समूळ नष्ट होतो, ही तोवरची समजूत होती. जीएम पिकांचा या प्रयोगाशी काही संबंध नव्हता, पण चर्चेला तो आयता मिळाला. याच गटाने पुढे उंदरांच्या आठ पिढ्यांना एक ओळखीचे परके जनुक रोज खाऊ घातले. ते एकाही पिढीच्या वारशात उतरले नाही. पहिल्या प्रयोगाची आठवण जितकी काढली जाते तितकी दुसऱ्याची काढली जात नाही.

भारतात हा प्रश्न सरकीच्या वाटेने आला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. बियाणे जालन्याच्या महिको कंपनीचे होते. कापसाची चर्चा बोंडअळी, उत्पादन आणि बियाण्याचे दर यांभोवती फिरत राहिली. पण क्विंटलभर कापसातून रुई निघते ती साधारण तिसरा हिस्सा. उरते ती सरकी. सरकीचे तेल निघते आणि पेंड, विदर्भाच्या बोलीत ढेप, गाई-म्हशींच्या पुढे जाते. देशातले ९० टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटी झाल्यावर महाराष्ट्रातल्या दुभत्या जनावराच्या खुराकात बीटी सरकी नसणे हाच अपवाद ठरला. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या सोडण्याची रीतही जुनीच आहे. खाद्यपीक म्हणून एकही जीएम वाण शेतात न आणलेल्या देशात जीएम खाद्य गव्हाणीत पोचले ते असे.

गव्हाणीपर्यंत येताना

पचनाआधीच डीएनएची बरीच मोडतोड होते. दळण्या-भरडण्याने त्याला फारसे काही होत नाही. उष्णता, वाफ आणि आम्लता यांनी होते. लीड्स विद्यापीठातल्या प्रयोगांत ९५ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापमान काही मिनिटे टिकले, की वनस्पतीच्या पेशीतल्या डीएनएचे बारीक तुकडे होताना दिसले. द्रावक वापरून तेल काढलेली आणि नंतर वाफेने शेकलेली सोयापेंड आणि घाणीवर किंवा एक्सपेलरवर काढलेली सरकीची ढेप यांत म्हणूनच फरक पडतो. दाबून काढलेल्या पेंडीत लांब तुकडे शिल्लक राहण्याची शक्यता अधिक.

मुरघासात आम्लता वाढत जाते आणि वनस्पतीची स्वतःची विकरेही मोकळी होतात. त्यामुळे पूर्ण लांबीचे जनुक लवकर दिसेनासे होते. छोटे तुकडे मात्र महिनोन्‌महिने सापडतात. ताजा हिरवा मका आणि अख्खे दाणे यांत डीएनए सर्वांत धड स्थितीत असतो.

पोटातला प्रवास

रवंथ करणाऱ्या जनावरात पहिला मुक्काम कोठीपोटाचा. तेथे सामू सहा ते सातच्या दरम्यान असतो, म्हणजे आम्लामुळे मोडतोड होण्यासारखी स्थिती नसते. पण दर मिलिलिटर द्रवात अब्जावधी जिवाणू असतात आणि त्यांनी सोडलेली डीएनए कापणारी विकरे सतत काम करत असतात. मोकळा डीएनए येथे तग धरत नाही. लीड्सच्याच गटाने मेंढ्यांच्या कोठीपोटातल्या द्रवात प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे कडे, मिसळून पाहिले. एका मिनिटाच्या आत त्याची जिवाणूत शिरून काम करण्याची क्षमता संपली होती. मेंढीच्या लाळेत तेच प्लाझ्मिड २४ तासांनंतरही जिवाणूला नवा गुण देऊ शकत होते. तोंड आणि कोठीपोट यांतला हा फरक जिवाणूंच्या प्रश्नाशी पुन्हा भिडतो.

खाद्यातला डीएनए मात्र मोकळा नसतो. तो पेशीभित्तीच्या आत असतो आणि ती भित्ती फोडायला जिवाणूंना वेळ लागतो. म्हणून खऱ्या खाद्याचे आकडे वेगळे येतात. याच गटाने २००३ साली बीटी-१७६ जातीचा मका मेंढ्यांना खाऊ घातला. डीएनएची लांबी त्यातल्या बेसच्या जोड्यांत मोजतात. या मक्यातल्या कीडरोधक जनुकाचा १९१४ जोड्यांचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण लांबीचा भाग दाणे खाल्ल्यानंतर पाच तासांपर्यंत कोठीपोटात मिळाला. त्याचाच २११ जोड्यांचा छोटा तुकडा २४ तासांपर्यंत मिळत राहिला. मुरघास खाणाऱ्या मेंढ्यांत तो छोटा तुकडा तीन तासांनंतरच दिसेनासा झाला.

पुढे चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात सामू दोन-तीनपर्यंत उतरतो. आम्लात डीएनएच्या साखळीतले काही बेस गळून पडतात आणि साखळी तुटू लागते. लहान आतड्यात स्वादुपिंडाची विकरे तिचे बारीक तुकडे करतात, आतड्याच्या अस्तरातली विकरे ते न्यूक्लिओसाइडपर्यंत फोडतात आणि तेवढे शोषले जाते. रवंथ करणाऱ्या जनावरांची ही यंत्रणा विशेष सक्षम असते, कारण त्यांच्या आतड्यात रोज उतरणाऱ्या न्यूक्लिइक आम्लांत वनस्पतीपेक्षा कोठीपोटातल्या मेलेल्या जिवाणूंचा वाटा मोठा असतो. शोषलेल्या काही बेसचे यकृतात अ‍ॅलन्टॉइन बनते आणि ते मूत्रावाटे बाहेर पडते. पशुपोषणतज्ज्ञ मूत्रातले अ‍ॅलन्टॉइन मोजून कोठीपोटात किती जिवाणू-प्रथिन तयार झाले याचा अंदाज बांधतात. जीएम वादाशी या पद्धतीचा काही संबंध नाही, पण डीएनए किती सरसकट पचतो याचा तो रोजच्या व्यवहारातला पुरावा आहे.

डुकरे आणि कोंबड्या यांना कोठीपोट नसते. त्यांच्यात आम्ल लवकर गाठ घेते, पण एकूण प्रवासही लवकर उरकतो. जपानमध्ये बीटी-११ मका खाणाऱ्या डुकरांच्या पचनमार्गात जनुकाचे तुकडे मिळाले, रक्तात मिळाले नाहीत. आतड्याच्या आत छोटे तुकडे सापडतात याबद्दल आज कोणाचेच दुमत नाही.

आतड्याच्या भिंतीपलीकडे

दुमत सुरू होते ते भिंत ओलांडल्यावर. त्याआधी मोजण्याची पद्धत समजून घ्यायला हवी. पीसीआर या तंत्रात डीएनएचा एक ठरावीक तुकडा निवडून त्याच्या लक्षावधी प्रती काढतात. तुकडा नमुन्यात असेल तरच प्रती निघतात. किती लांबीचा तुकडा शोधायचा हे संशोधक ठरवतो. दोनशे जोड्यांचा तुकडा शोधला तर मोडका डीएनएही सापडतो. दोन हजार जोड्यांचा शोधला तर फक्त धड डीएनएच हाती लागतो. दुसरी गोष्ट प्रतींची. पानाच्या एका पेशीत हरितलवकाच्या डीएनएच्या हजारो प्रती असतात. घातलेले जनुक बहुधा एक-दोन प्रतींतच असते. तुकडे रक्तात उतरण्याचे प्रमाण दोघांचे सारखेच असले, तरी हरितलवकाचा तुकडा दिसेल आणि घातलेल्या जनुकाचा तुकडा दिसणार नाही. गंजीत हरवलेली सुई आणि खुद्द गंजीचे गवत यांतला हा फरक आहे.

ही दोन मापे हातात धरली की परस्परविरोधी वाटणारे निकाल पुष्कळसे जुळतात. जर्मनीत आइन्स्पॅनियर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली बीटी मका खाणाऱ्या गाई-कोंबड्यांची तपासणी केली. गाईंच्या रक्तातल्या लसीकापेशींत हरितलवकाचे छोटे तुकडे मिळाले. कोंबड्यांच्या स्नायूत, यकृतात, प्लीहेत आणि मूत्रपिंडातही मिळाले. बीटी जनुकाचा तुकडा एकाही अवयवात मिळाला नाही आणि अंड्यांत हरितलवकाचाही नाही. ब्रिटनमध्ये रीडिंग विद्यापीठाच्या गटाने २००३ साली दुभत्या गाईंवर केलेल्या कामातही घातलेली जनुके कोठीपोटात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला दिसली, पण दूध, रक्त आणि शेण यांत दिसली नाहीत. दुधात वनस्पतीच्या नेहमीच्या जनुकाचे तुकडे मात्र मिळाले.

यावरून दोन अर्थ निघाले आणि दोन्ही तर्काला धरून आहेत. एक असा: वनस्पतीचे तुकडे शरीरात उतरणे ही सनातन गोष्ट आहे, प्राणी वनस्पती खाऊ लागल्यापासून हे चालत आले आहे आणि घातलेले जनुक रासायनिकदृष्ट्या निराळे नाही. दुसरा असा: हरितलवकाचा तुकडा उतरतो म्हणजे घातलेल्या जनुकाचाही उतरत असलाच पाहिजे, सापडला नाही तो उपकरणाच्या मर्यादेमुळे.

दुसऱ्या अर्थाला २००५ साली आधार मिळाला. इटलीत मात्झा आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच दूध तुटलेल्या डुकराच्या पिलांना ३५ दिवस मॉन-८१० हा बीटी मका दिला. त्यांच्या रक्तात, यकृतात, प्लीहेत आणि मूत्रपिंडात बीटी जनुकाचा ५१९ जोड्यांचा तुकडा मिळाला. स्नायूत मिळाला नाही. प्रथिन तयार करू शकेल इतका पूर्ण भाग कोठेच आढळला नाही. कॅनडातही तणनाशकसहिष्णू कॅनोला खाणाऱ्या डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या ऊतींत घातलेल्या जनुकाचे तुकडे क्वचित मिळाले. ‘घातलेले जनुक शरीरात कधीच सापडत नाही’ हे सरसकट विधान त्यानंतर करता येत नाही. नेमके म्हणायचे तर घातलेल्या जनुकाचे छोटे तुकडे क्वचित सापडतात आणि धड जनुक सापडलेले नाही.

प्रयोग अल्प काळाचे असतात हा आक्षेप बराच काळ ऐकू येई. त्याला म्युनिक तांत्रिक विद्यापीठाच्या प्रयोगाने काहीसे उत्तर दिले. ३६ गाईंपैकी निम्म्यांना सलग २५ महिने मॉन-८१० मक्याचा खुराक दिला गेला. रक्त, दूध आणि शेण यांत बीटी जनुक सापडले नाही. बीटी प्रथिनाचे अंश शेणात मिळाले, दुधात नाहीत.

दुधाचा वाद

दूध हा या साऱ्या चर्चेतला सर्वांत नाजूक भाग, कारण ते रोज घरात येते आणि लहान मुले पितात. इटलीतल्या कातानियाच्या संशोधकांनी २००६ साली बाजारातून बारा ब्रँडच्या दुधाचे ६० नमुने तपासले. १५ नमुन्यांत जीएम मक्याचे आणि ७ नमुन्यांत जीएम सोयाबीनचे तुकडे मिळाले. निकाल गाजला. संशोधकांनी स्वतःच एक शक्यता मांडली होती: तुकडे गाईच्या शरीरातून आले नसून खाद्याच्या धुळीतून किंवा शेणातून दुधात पडले असावेत.

ज्याने धार काढताना पाहिली आहे त्याला ही शक्यता पटायला वेळ लागत नाही. आपल्याकडे बहुतेक गोठ्यांत धारेच्या वेळीच पेंडीचे घमेले पुढे ठेवतात. जनावर खाण्यात गुंतते आणि पान्हा सोडते. सुका भरडा उडतो, शेपूट हलते, कासेला चिकटलेले शेण सुटते आणि बादली उघडीच असते. पीसीआरला पेंडीच्या धुळीचा कणही पुरतो. म्हणून दुधात तुकडा सापडला एवढ्यावरून तो रक्तातून कासेत उतरला असे ठरत नाही. त्यासाठी कास निर्जंतुक करून, नळीने थेट दूध काढून, शेजारी पाण्याचा कोरा नमुना ठेवून तपासावे लागते. अशी काळजी घेतलेल्या प्रयोगांत घातलेले जनुक दुधात बहुधा मिळालेले नाही. नेपल्सच्या एका गटाने जीएम सोया खाणाऱ्या शेळ्यांच्या दुधात आणि करडांच्या अवयवांत तुकडे मिळाल्याचे २०१० साली प्रसिद्ध केले होते. पुढे या गटाच्या कामातल्या प्रतिमांवर आक्षेप आले आणि त्यांचा एक शोधनिबंध २०१६ साली मागे घेतला गेला. त्यामुळे त्या निष्कर्षाची स्वतंत्र पडताळणी होईपर्यंत त्याला फार वजन देता येत नाही.

बाहेरून आलेल्या डीएनएची ही अडचण माणसांच्या बाबतीतही आली. हंगेरीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१३ साली एक हजाराहून अधिक मानवी नमुन्यांच्या विश्लेषणावरून अन्नातली पूर्ण जनुके रक्तात जाऊ शकतात असे मांडले गेले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका विश्लेषणाने अशा आकडेवारीत प्रयोगशाळेतली भेसळ किती सर्वत्र असते ते दाखवून दिले.

जिवाणू जनुक उचलतात का

तुकडा मांसात उतरणे आणि पोटातल्या जिवाणूने पूर्ण जनुक उचलून वापरणे हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याची काळजी सुरुवातीला अधिक होती, कारण पहिल्या पिढीच्या जीएम पिकांत प्रतिजैविकरोधक जनुके खूण म्हणून ठेवलेली असत. बीटी-१७६ मक्यात अ‍ॅम्पिसिलिनला न जुमानण्याचे जनुक होते. भारतात मंजूर झालेल्या पहिल्या बीटी कापसातही कॅनामायसिनरोधक जनुक आहे. युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशात अशी धोकादायक ठरू शकणारी खूण-जनुके टप्प्याटप्प्याने काढून टाकायचे ठरवले.

जिवाणूने जनुक वापरायचे तर बऱ्याच गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. जनुक धड उरले पाहिजे, जिवाणू त्या क्षणी डीएनए उचलण्याच्या स्थितीत हवा, जनुक त्याच्या गुणसूत्रात बसायला दोन्हीकडे जुळणारा क्रम हवा आणि त्याला चालू करणारी कळ जिवाणूला कळणारी हवी. पिकांतली कळ बहुधा वनस्पतीसाठी बेतलेली असते. जनावरांवरच्या प्रयोगांत असे स्थलांतर झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. सर्वांत जवळ पोचलेला प्रयोग माणसांवरचा आहे. न्यूकॅसलच्या संशोधकांनी २००४ साली मोठे आतडे काढून टाकलेल्या सात स्वयंसेवकांना जीएम सोया खायला दिले. लहान आतड्याच्या शेवटाला घातलेल्या जनुकाचा जास्तीत जास्त ३.७ टक्के भाग टिकलेला आढळला. सातांपैकी तिघांच्या आतड्यातल्या जिवाणूंत त्या जनुकाची अतिशय अल्प उपस्थितीही आढळली, आणि ती प्रयोग सुरू होण्याआधीचीच होती. प्रयोगाच्या काळात नवे स्थलांतर दिसले नाही आणि धड आतडे असलेल्या बारा जणांत जनुक शेवटपर्यंत टिकले नाही.

येथे मतभेद खरा आहे. एक बाजू म्हणते, ही प्रतिजैविकरोधक जनुके माती आणि आतड्यातल्या जिवाणूंत मुळातच मुबलक आहेत. पिकातून पडणारी भर नगण्य. दुसरी बाजू, जिच्यासाठी नॉर्वेच्या कोरे नील्सन यांनी सविस्तर मांडणी केली आहे, म्हणते की घटना किती विरळ यापेक्षा त्यानंतर निवड कशी होते हे महत्त्वाचे. कोट्यवधी जनावरांत एकदाच घडलेली घटनासुद्धा, खाद्यात प्रतिजैविके मिसळली जात असतील, तर फोफावू शकते. अशा विरळ घटना नेहमीच्या नमुनापद्धतीने हाती लागणार नाहीत. या युक्तिवादाचे खंडन प्रयोगाने करणे अवघड, आणि सिद्ध करणेही. खूण-जनुके काढून टाकण्याने तो बराचसा निष्प्रभ होतो, हे मात्र दोन्ही बाजू मान्य करतील.

डीएनए सापडणे आणि अपाय होणे

वादात वारंवार मिसळणाऱ्या या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. २००६ च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या वारंगळ भागात वेचणी झालेल्या बीटी कापसात चरलेल्या मेंढ्या दगावल्याच्या तक्रारी आल्या. सरकारी यंत्रणांनी कीटकनाशकांचे अंश आणि नायट्रेट यांकडे बोट दाखवले. तक्रारदारांना ते पुरेसे वाटले नाही. त्या वादाचा विषय प्रथिन आणि विषबाधा हा होता, डीएनए नव्हे. सरकीत मुळातच गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य असते आणि वासरांना सरकी जपून द्यावी हा सल्ला बीटीच्या कितीतरी आधीचा आहे. प्रथिनाच्या बाजूने कर्नालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत बीटी सरकी खाणाऱ्या दुभत्या संकरित गाईंवर प्रयोग झाले; दुधात बीटी प्रथिन आढळले नाही.

व्यापक आकडेवारीचा एक आढावा कॅलिफोर्नियातल्या व्हॅन ईननाम आणि यंग यांनी २०१४ साली घेतला. १९८३ ते २०११ या काळातल्या १०० अब्जांहून अधिक अमेरिकी जनावरांच्या नोंदींत जीएम खाद्य आल्यानंतर आरोग्य वा उत्पादन ढासळल्याचे दिसले नाही. यावरचा आक्षेपही वाजवी आहे: त्यांतली बहुसंख्य जनावरे म्हणजे सहा आठवड्यांत कापल्या जाणाऱ्या कोंबड्या, आणि इतक्या वर्षांत खाद्य, वाण, औषधे सगळेच बदलले. मोठा अपाय झाला असता तर तो दिसला असता. सूक्ष्म परिणाम अशा आकड्यांत दिसत नाही.

नियमांनी काय मानले

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २००७ मध्ये उपलब्ध प्रयोग तपासून, जीएम खाद्य खाणाऱ्या जनावरांच्या खाण्यायोग्य ऊतींत आणि द्रवांत घातलेला डीएनए वा प्रथिन बहुसंख्य प्रयोगांत आढळले नसल्याचे नमूद केले. त्याआधी ग्रीनपीसने दूध, मांस, अंडी यांवर जीएम खाद्याचा उल्लेख सक्तीचा करावा म्हणून दहा लाख सह्यांचे निवेदन दिले होते. युरोपच्या २००३ च्या नियमानुसार खाद्यावर उल्लेख लागतो, ते खाणाऱ्या जनावराच्या दुधावर लागत नाही. अमेरिकेचा नियमही केवळ खाद्यामुळे दुधा-मांसाला जीएम ठरवत नाही. जर्मनीने वेगळी वाट काढली: जीएम खाद्य न देणाऱ्याने ‘जीएमविना’ असे ऐच्छिक चिन्ह लावावे. या चिन्हाचा आधार दुधात सापडणारा डीएनए नव्हे, तर खाद्याच्या खरेदीचे कागद. ग्राहकाला उत्पादनाची पद्धत जाणून घ्यायची असेल तर ती मागणी प्रयोगशाळेच्या निकालाने सुटत नाही आणि फेटाळलीही जात नाही.

भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली गेली. आयातीसाठी ठरवलेल्या वाटांत न्हावा शेवा बंदर होते. सोयाबीनचे दर क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले होते आणि कुक्कुटपालकांची ओरड होती. दर पडतील म्हणून सोयाबीन उत्पादक नाराज होते. परवानगीचा तांत्रिक आधार असा की पेंडीत जिवंत, रुजू शकणारे काही नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने ही कसोटी ठीक आहे. पचनाच्या प्रश्नाला ती लागू पडत नाही, कारण न रुजणाऱ्या पेंडीतही डीएनएचे तुकडे असतात.

काय उरले आहे

डीएनएपुरते बोलायचे तर चौकट बहुतेक पक्की झाली आहे; उरलेले प्रश्न तिच्या कडेचे आहेत. पहिला प्रश्न भारतीय खुराकाचा. प्रसिद्ध प्रयोगांतला मोठा भाग मका, सोया, होलस्टीन गाई आणि डुकरे यांवर आहे. एक्सपेलरची सरकी ढेप, मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हैस, पऱ्हाटीत चरणारी उस्मानाबादी शेळी या साखळीवर डीएनए शोधणारे काम तुलनेने तुटपुंजे आहे. निकाल वेगळे येतील असे मानायला कारण नाही, पण मोजून पाहणे अवघडही नाही. त्यात अनधिकृत तणनाशकसहिष्णू कापसाची भर पडली आहे. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने त्याची उघड लागवड केली होती. अशा कापसाची सरकी बाजारात वेगळी ओळखू येत नाही आणि मंजुरीच्या चाचण्यांतून ती गेलेलीही नसते.

दुसरा प्रश्न आरएनएचा. काही नवी पिके प्रथिनाऐवजी दुपदरी आरएनए तयार करून कीड मारतात. मक्याच्या मुळावरच्या किडीविरुद्धच्या अशा पिकाला अमेरिकेत २०१७ साली मंजुरी मिळाली. त्याआधी, २०१२ साली, चीनच्या नानजिंग विद्यापीठातून भातातला एक सूक्ष्म आरएनए खाणाऱ्याच्या यकृतातल्या जनुकावर परिणाम करतो असा दावा आला होता. इतर प्रयोगशाळांना तो परिणाम पुन्हा दाखवता आला नाही. आरएनए डीएनएपेक्षाही नाजूक असतो, तरी रवंथ करणाऱ्या जनावरांतल्या त्याच्या प्रवासाचा अभ्यास डीएनएइतका झालेला नाही.

तिसरा प्रश्न शोधण्याच्या पद्धतीचाच आहे. भारताने २०२२ साली परके जनुक न घालता केलेल्या जनुकसंपादनाच्या काही प्रकारांना जीएमच्या नियमांतून वगळले आणि मे २०२५ मध्ये अशा भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यांचा पेंढा आणि कोंडा जनावरांपुढे येईल तेव्हा शोधायला परका तुकडाच नसेल. बदललेले मोजके बेस इतर डीएनएबरोबरच मोडतील, आणि ते ओळखण्याची चाचणी त्या वाणातला नेमका बदल जाहीर झाल्याशिवाय बेतता येणार नाही.